आजोबांना झोपवणारी मावशी

माझ्या मावशीला तिच्या कामाबद्दल विचारलं तर ती एका वाक्यात आटपते. "मशीन पडतं, मी उभं करते." त्यामुळे ही हकीकत मी तिच्याकडून थोडी आणि वहिनींकडून बरीच गोळा केली आहे. वहिनी आमच्या नात्यातल्या नाहीत. मावशीच्या ऑफिसात फोन घेणाऱ्यांच्या त्या प्रमुख, आणि साहेबांसकट सगळं ऑफिस त्यांना वहिनीच म्हणतं.

ऑफिस म्हणजे शहराच्या रुग्णवाहिकांचं नियंत्रण केंद्र. कोणाला घरात चक्कर आली, रस्त्यात कोणी गाडीखाली आलं, की फोन इथे वाजतो. लांबट खोली, दोन रांगांत टेबलं, कानाला हेडफोन लावलेली माणसं आणि समोर भिंतभर शहराचा नकाशा. फोन आला की बोलणाऱ्याचा पत्ता आपोआप पडद्यावर उमटतो, जवळची गाडी कोणती तेही दिसतं. हे सगळं एका सर्व्हरवर चालतं. तो मागच्या काचेच्या खोलीत असतो आणि त्याचं नाव आजोबा.

नाव ठेवलं मास्तरांनी. मावशीच्या आधी हे काम ते बघायचे. मास्तर दर महिन्याला नेमाने अपडेट घालायचे, पण मशीन बंद करून परत सुरू कधी करायचे नाहीत. आजोबा चार वर्षं अखंड जागे आहेत, हा त्यांचा मोठा अभिमान होता. काचेच्या दारावर त्यांनी पुठ्ठा लावला होता: 'आजोबांना झोपवू नये.' पाहुणे आले की साहेब त्यांना त्या दारापाशी नेऊन कौतुकाने सांगायचे, "डोळ्याला डोळा लागलेला नाही!"

मास्तर निवृत्त झाले, मावशी रुजू झाली आणि पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, "जे मशीन कधी बंद केलं नाही, ते परत सुरू होतं हे कोणी बघितलंय?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, शुभ बोला की जरा."

पण मावशी एकदा मागे लागली की लागली. अखेर एका रविवारी सकाळी, फोन कमी असतात म्हणून, साहेबांनी परवानगी दिली. मावशीने त्या महिन्याचा अपडेट घातला आणि आजोबांना झोपवलं.

आजोबा उठले. खोलीत टाळ्यासुद्धा पडल्या. साहेबांनी बिस्किटांचा पुडा फोडला, आणि तो अर्धा व्हायच्या आत सगळ्यांचे पडदे एकदम गोठले. काचेच्या खोलीतल्या पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. आजोबा आपणहून परत सुरू झाले, थोडा वेळ नीट चालले आणि पुन्हा कोसळले.

याला कर्नल पॅनिक म्हणतात. कर्नल हा संगणकाच्या तळाशी बसलेला प्रोग्राम. मेमरी कोणाला द्यायची, कोणत्या कार्डाशी कसं बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. वरचा एखादा प्रोग्राम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. कर्नलच बिघडला तर तो पुढचं काहीही न करता जागच्या जागी थांबतो, कारण चुकीचं काम करण्यापेक्षा थांबणं बरं. मशीनचं थांबणं समजूतदारपणाचं असलं तरी फोन थोडेच थांबतात! वहिनींनी सगळे कॉल साध्या टेलिफोनवर वळवले, पत्ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवायला लावले, आणि गाड्या दाखवायला नकाशात टाचण्या टोचायला सुरुवात केली. काम चालू राहिलं, पण प्रत्येक फोनवर "पत्ता परत सांगा, हळू सांगा" असं करावं लागत होतं. घाबरलेल्या माणसाकडून पत्ता काढून घ्यायला किती वेळ जातो, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

साहेब काचेच्या दारात उभे राहिले. "धडधाकट मशीन होतं, मॅडम. तुमच्या अपडेटनं आडवं केलं."

"मशीन आडवं झालंय, हे खरं. अपडेटनं झालं का ते बघू दे."

"बघा. संध्याकाळची पाळी येईपर्यंत बघा. नाही जमलं तर कंपनीची माणसं येतील, सगळं जुनं परत बसवतील. आणि अपडेट हा प्रकार इथे कायमचा बंद. या खोलीची किल्लीसुद्धा मग माझ्याकडे."

किल्ली गेल्याचं मावशीला वाईट वाटलं असतं, पण धास्ती वेगळ्याच गोष्टीची होती. अपडेट बंद म्हणजे मशीनमधली सापडलेली भोकं कधीच बुजवायची नाहीत. शहराचे जीव ज्याच्यावर, ते घर दाराला कडी न लावता ठेवायचं.

तिने पहिली गोष्ट केली ती कोणीही केली असती. मशीन सुरू होताना जुना कर्नल निवडता येतो. तिने तो निवडला, दोन लाइनी परत आजोबांकडे वळवल्या. थोड्या वेळाने धाड! जुना कर्नलही कोसळला.

"झालं," साहेब म्हणाले. "आता जुनंही चालत नाही."

मावशीचा चेहरा मात्र उजळला, असं वहिनी सांगतात. "मी आज घातलेला बदल काढला, तरी पडतंय. म्हणजे आजच्या बदलाचा दोष नाही."

"मग कालपर्यंत कसं चालत होतं?"

तिने मास्तरांना फोन लावला. मास्तरांनी आधी तिला बोलूच दिलं नाही. "झोपवलंत ना? सांगत होतो मी! गेला का माझा आजोबा?"

"गेला नाही हो, मास्तर. मला एक सांगा, डिस्कवरचे जुने कर्नल तुम्ही काढायचात का?"

"काढायचो. जागा संपायची. शेवटचे दोन ठेवून बाकीचे उडवायचो."

"आणि ठेवलेले ते दोन कधी चालवून बघितलेत?"

मास्तर हळूच म्हणाले, "चालवायला मशीन बंद करावं लागलं असतं ना, बाई."

तिथे गाठ सुटली. नवा कर्नल डिस्कवर आला तरी मशीन परत सुरू होईपर्यंत जुनाच चालत राहतो. चार वर्षं आजोबा मेमरीत धरलेल्या पहिल्याच कर्नलवर चालत होते. मेन्यूत जो जुना म्हणून दिसत होता, तो प्रत्यक्षात एकदाही चाललेला नव्हता.

"मास्तर, तुमच्या आजोबांनी चार वर्षांची औषधं आणून उशाशी ठेवली होती," मावशी म्हणाली. "घेतली आज, सगळी एकदम."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. "मग आता कोणतं बाधलं, ते शोधा," ते म्हणाले. "मी येतो तिकडे."

दरम्यान मावशीने मशीनला कोसळताना मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवायला सांगितलं होतं. ते उघडलं तर पडण्याच्या वेळी एकच नाव पुढे येत होतं: टेलिफोनच्या लाइनी ज्या कार्डात येतात, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाशी कसं बोलायचं हे कर्नलला सांगणारा छोटा प्रोग्राम. पण नाव मिळालं म्हणजे गुन्हा शाबीत होत नाही. ती बाहेरच्या खोलीत आली. "आजोबा पडले तेव्हा इथे काय चाललं होतं?"

"मी माऊसलासुद्धा हात लावला नव्हता," कोपऱ्यातून आवाज आला.

"मीही नाही!"

"अहो, कोणी केलं ते मी विचारतच नाहीये. काय चाललं होतं ते सांगा."

वहिनींनी टाचणी हातात धरून विचार केला. "तिन्ही वेळा माझा फोन वाजला, आणि शेजारचाही. अगदी एकदमच."

मावशीने दोन्ही लाइनी आजोबांकडे वळवल्या, वहिनी आणि त्यांची शेजारीण, दोघींना आपापले मोबाइल काढायला लावले आणि त्या लाइनींचे नंबर दिले. "मी तीन म्हटलं की लावायचं. एक, दोन, तीन!"

दोन्ही फोन एकदम वाजले आणि आजोबा कोसळले.

"पडलं!" मावशीने चक्क टाळी वाजवली.

साहेब वहिनींच्या कानाशी म्हणाले, "हिला बरं वाटत नाहीये का?"

"साहेब, आपण म्हणू तेव्हा पडतंय!" मावशी म्हणाली. "आता ते आपल्या हातात आलं."

माझ्या शिक्षणात हे कोणी इतक्या थोडक्यात शिकवलं नाही. मनात येईल तेव्हा पडणारं मशीन दुरुस्त करता येत नाही. आपण पाडू तेव्हा पडणारं मशीन जवळजवळ दुरुस्त झालेलंच असतं.

तो ड्रायव्हर मास्तरांनी कधीकाळी हाताने बसवला होता, त्यामुळे दर महिन्याच्या अपडेटमध्ये त्याचा नंबर कधी लागलाच नाही. मधल्या काळात कर्नलची कामाची पद्धत बदलली, याची जुनीच राहिली. एक कॉल असेल तर निभायचं. दोन एकदम आले की दोघांना मेमरीची एकच जागा दिली जायची. कार्ड बनवणाऱ्यांनी सुधारलेला ड्रायव्हर केव्हाच काढून ठेवला होता. मावशीने तो बसवला. दुसरं काही बदललं नाही, अगदी खोलीतला पंखासुद्धा.

"एक, दोन, तीन!" दोन फोन वाजले. आजोबा उभे. मग चौघींनी लावले, मग सगळ्या टेबलांनी. साहेबांनीही आपला मोबाइल काढला. खोलीभर नुसता घंटानाद, आणि पडद्यांवर पत्त्यामागून पत्ते.

खऱ्या लाइनी परत वळल्या. वहिनींनी नकाशातल्या टाचण्या काढून डबीत भरल्या. संध्याकाळची पाळी जिना चढून येत होती, त्यांच्या मागोमाग धापा टाकत मास्तरही आले. साहेब सकाळी काढून ठेवलेला पुठ्ठा हातात घेऊन दारापाशी गेले. "चला. आता आजोबांना पुन्हा झोपवायचं नाही म्हणजे झालं."

"झोपवायचंय," मावशी म्हणाली. "आत्ताच."

"मॅडम! आत्ता कुठे चालू झालंय!"

"म्हणूनच. परत उठतं की नाही ते आपण सगळे इथे असताना बघू." ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, तुम्ही झोपवा."

वहिनींनी लाइनी साध्या फोनवर घेतल्या. मास्तरांनी कीबोर्डवर बोट ठेवलं, मागे घेतलं, परत ठेवलं. आज्ञा टाइप झाली आणि पडदा काळा झाला. पंख्यांचा आवाज उतरत गेला. ती शांतता त्या काचेच्या खोलीने पूर्वी फक्त त्या दिवशी सकाळीच ऐकली होती. मग पंखे परत घरघरले, ओळी वर सरकल्या, पत्ते उमटू लागले. मास्तर खुर्चीत टेकले. "उठला की गं!" एवढंच म्हणाले.

मावशीने खिशातून किल्ली काढून साहेबांपुढे धरली. आजोबा उठले होते, पण तोवर पाळी बदलली होती, आणि बोली पाळी येईपर्यंतचीच झाली होती.

साहेबांनी किल्लीकडे बघितलं, मग हातातल्या पुठ्ठ्याकडे. पुठ्ठा त्यांनी दुमडून काखेत मारला. "ठेवा तुमच्याकडेच," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात लागेल ना झोपवायला?"

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आजोबा झोपतात. मास्तर आवर्जून येतात. ती किल्ली मावशीच्या घरच्या जुडग्यात आहे, दुधाच्या पिशव्या कापायच्या छोट्या कात्रीच्या शेजारी. घरी आली की जुडगा टेबलावर टाकते, आणि दर वेळी मी तो उचलून हुकाला लावतो. ती किल्ली अगदी साधी, पितळेची आहे. मला मात्र ती हातात घ्यायला आवडते.