वाणात मागितलेलं ऊन पाणी

“पाय दाखव.”

कुणाचंही पोर दिसलं की मावशींचं पहिलं वाक्य हे. नाव-गाव नंतर. जिन्यात, शाळेच्या बसपाशी, कोल्ड स्टोअरमध्ये (तिकडे वाण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात, ऐन थंडीतसुद्धा) मावशी खाली वाकायच्या, पोराची चप्पल काढायच्या आणि तळव्याला हाताची मागची बाजू लावून बघायच्या. पाय गार लागला की पोराला सोडून आईकडे वळायच्या. “बाय, ह्याचे मोजे कुठे? पेटीत ठेवायला आणलेस काय?” एकदा त्यांनी एका अरब बाईच्या मुलालाही भर रस्त्यात असंच तपासलं. ती बाई आधी घाबरली, मग हसत सुटली आणि दुसऱ्या दिवशी तिनं खजुराचा डबा पाठवला.

तुमच्यापैकी जे आखातात हिवाळा काढून आलेत त्यांना सांगायला नको, पण बाकीचे हसतात. माझी सख्खी बहीण हसली होती. “वाळवंटात कसली गं थंडी?” म्हणे. ये म्हटलं एकदा जानेवारीत. उत्तरेचा वारा सुटला की समुद्रावरून येतो आणि थेट हाडांत शिरतो. घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी, सिमेंटच्या ठोकळ्यांची. भिंतींना ओल. खिडक्यांच्या फटींत आम्ही वर्तमानपत्रं कोंबायचो, ती सकाळी दमट होऊन खाली पडलेली असायची. ऐंशीच्या आसपासचा एक हिवाळा तर संपायचं नावच घेईना. पाऊस पडला, गल्ल्या तुंबल्या, आणि पोरांची नाकं जी वाहायला लागली ती थेट मार्चपर्यंत.

आम्ही राहायचो बहारीनला, गुदैबिया भागात, कंपनीच्या जुन्या दुमजली इमारतीत. माझे मिस्टर अकाउंट्समध्ये क्लार्क. मावशींचे मिस्टर गॅरेजमध्ये मेकॅनिक. मावशी वसईच्या, ख्रिश्चन, गळ्यात क्रूस आणि कमरेला पदर खोचलेला. वयानं माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. माझा मुलगा त्यांना आंटी म्हणाला तर त्यांनी कान पकडला. “आंटी काय रे? मावशी म्हण.” तेव्हापासून सगळ्या इमारतीच्या त्या मावशी झाल्या, माझ्याही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बहारीनला येणं मावशींना फुकट मिळालं नव्हतं. नवरा तिकडे आणि त्या तीन लेकरं घेऊन वसईत, अशी वर्षंच्या वर्षं गेली होती. मेकॅनिक लोकांना फॅमिली स्टेटस, म्हणजे बायकामुलं आणायची परवानगी, मिळत नसे. कुणीतरी जुना गोरा साहेब जाता जाता सही करून गेला म्हणून हे कुटुंब एकत्र आलं. ते स्टेटस दरवर्षी नव्यानं मिळवायचं, आणि ते द्यायचं की नाही हे आता आमच्या साहेबांच्या हातात. मावशी म्हणायच्या, “आमचं घर म्हणजे भाड्याचं नाय, मेहरबानीचं आहे.” एरवी जिभेला हाड नसलेली ही बाई साहेबांचं नाव निघालं की गप्प बसायची. कशासाठी ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आता साहेब. साहेब गोरे नव्हते, अरब नव्हते. आपलेच होते, दादरचे! परक्यानं छळलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. आपल्या माणसानं, आपल्याच भाषेत, गोड हसून छळलं की त्याचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

इमारतीत मजल्याला एक न्हाणीघर, तीन घरांत मिळून. दोन्ही न्हाणीघरांना मिळून जिन्यात एक मोठा गीझर. तो त्या हिवाळ्यात थंडी सुरू होतानाच जळला. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की नळाचं पाणी अंगावर घेता येत नाही. हिवाळ्यात त्याच टाकीचं पाणी बर्फ. मिस्टरांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “इंशाल्ला, नेक्स्ट वीक.” अरबाच्या तोंडी त्या शब्दाला अर्थ असतो हो! आमच्या साहेबांच्या तोंडी त्याचा अर्थ एकच, मफी. म्हणजे नाही. बरं, घरात पाणी तापवायचे विजेचे रॉड लावायला त्यांनीच बंदी केलेली, वायरिंग जुनं म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, “अहो, बहारीनमध्ये कसली थंडी? आपण काय काश्मिरात आहोत?” हे ते हीटरच्या शेजारी बसून म्हणाले. मिस्टरांनी स्वतः पाहिलं.

मग काय, प्रत्येकीनं आपापल्या गॅसवर पातेली चढवायची आणि कढत पाणी दोन्ही हातांनी धरून, लांब बोळ ओलांडून न्हाणीघरात न्यायचं. बोळात पोरं. थंडीमुळे पोरं बाहेर जाईनात, म्हणून दिवसभर बोळातच धुडगूस. मावशींनी नियम घालून दिला. पातेलं उचललं की बोळाच्या तोंडाशी उभं राहून ओरडायचं, “ऊन पाणी आलं! भिंतीला लागा!” आणि पोरांनी जिथं असतील तिथं पाठ भिंतीला लावून उभं राहायचं. इमारतीतली मल्याळी नर्ससुद्धा मराठीत ओरडायला शिकली. “ऊन पानी आलं, भित्तीला लागा!” पोरांना तो खेळच वाटायचा. असा खेळ खेळत आम्ही दोन महिने काढले. कंपनी कोट्यवधींची कामं घेत होती आणि आमची लेकरं भिंतीला चिकटून उभी होती!

जानेवारीत एका सकाळी वारा असा होता की गच्चीवरचे पत्रे वाजत होते. मावशी ओरडल्या. मी स्वयंपाकघरात होते, मी ऐकलं. माझा तीन वर्षांचा मुलगा दाराआड लपाछपी खेळत होता, त्यानं नाही ऐकलं. दार वाऱ्यानं आपटलं, तो दचकून बाहेर पळाला तो थेट मावशींच्या गुडघ्यांवर.

कढत पाणी त्याच्या उजव्या दंडावर आणि पाठीवर पडलं. मावशींनी पातेलं स्वतःकडे ओढलं म्हणून तेवढ्यावर भागलं. उरलेलं सगळं त्यांच्या पायांवर सांडलं. सलमानिया हॉस्पिटलात नेईपर्यंत त्या टॅक्सीत अनवाणी बसून त्याला फुंकर घालत होत्या आणि रडत म्हणत होत्या, “माझ्या हातनं झालं, बाय. माझ्या हातनं झालं.” त्यांचे पाय भाजलेत हे तिथल्या डॉक्टरनं दाखवलं तेव्हा आम्हाला कळलं.

दुसऱ्या दिवशी मिस्टर साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी हळहळ व्यक्त केली. पाणी मागवलं. मग म्हणाले, “पण पाणी सांडलं कुणी? त्या मेकॅनिकच्या बायकोनं ना? मग तिला जाब विचारा. आयांनी पोरांकडे लक्ष द्यायला नको का?”

बघा हं. लेकरू भाजलं माझं. गीझर नाही यांचा. आणि जाब कुणाला, तर जिनं स्वतःचे पाय जाळून माझं लेकरू वाचवलं तिला! मिस्टर शांत स्वभावाचे, ते घरी येऊन नुसते बसून राहिले. मी मात्र बोळात उभी राहून साहेबांच्या सात पिढ्या काढल्या. मावशी त्यांच्या उंबऱ्यात पायांना पट्ट्या बांधून बसल्या होत्या. त्या एकदाच म्हणाल्या, “असं बोलला?” मी म्हटलं, हो. मग त्या आत गेल्या.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी साहेबांच्या घरी अदलियाला हळदीकुंकू असे. कंपनीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं, स्टाफ असो की मेकॅनिक. साहेबीणबाई रिवाजाच्या पक्क्या होत्या. हळदीकुंकवाला दारात आलेली बाई वाण घेतल्याशिवाय जाता कामा नये, हे त्या दरवर्षी मोठ्यानं सांगायच्या. मी जाणार नव्हते. मिस्टर म्हणाले, जा, वाईट दिसेल. गेले. एका कोपऱ्यात तोंड फुगवून बसले.

अर्ध्या तासानं बेल वाजली. दारात मावशी. पायांत नवऱ्याच्या मोठ्या चपला, पट्ट्यांवर चढतील अशा. मागे माझा भाजलेला सोडून इमारतीतली झाडून सगळी पोरं, त्यांची तीन, मल्याळी नर्सची दोन, रत्नागिरीच्या खानसाहेबांची दोन. प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल. एवढ्या वाऱ्यात ही बाई त्या पायांनी चालत आली होती.

“अगंबाई, मुलांनाही आणलंत? छान, छान,” साहेबीणबाई म्हणाल्या आणि कुंकवाचा करंडा पुढे केला.

“कुंकू आम्ही नाय लावत, बाई. तिळगूळ द्या.” मावशींनी तिळगूळ घेतला, तोंडात टाकला, गोड बोलल्या. मग साहेबीणबाईंनी वाण दिलं. त्या वर्षी वाण होतं साबणाची डबी. प्लॅस्टिकची, गुलाबी.

मावशींनी डबी उलटसुलट करून पाहिली. “डबी चांगली आहे. साबण मी आणलाय. आता ऊन पाणी तेवढं द्या.”

“म्हणजे?”

“वाण दिलंत ते पुरं द्या, बाई. आमच्याकडे गीझर बंद आहे, थंडी लागल्यापास्नं. पोरांना आठ-आठ दिवस आंघोळ नाय. तुमच्याकडे आहे. दारातनं परत पाठवाल तर जाईन, पण मग वाण अर्धं राहिलं म्हणून सांगेन.”

खोलीत पंचवीस बायका. कुणाच्या तोंडात हलवा, कुणाच्या हातात अत्तरदाणी. साहेबीणबाईंचा चेहरा कुंकवासारखा झाला. नाही कसं म्हणणार? स्वतःच्याच तोंडानं सांगितलेला रिवाज! त्यांनी न्हाणीघराकडे बोट केलं.

मी उठले. आधी हसू फुटलं होतं, मग रडू यायला लागलं. पदर खोचला आणि मावशींबरोबर आत गेले. त्या घासत होत्या, मी पुसत होते. नळ सोडला की वाफ! पोरं किंचाळत होती आनंदानं. मागोमाग रत्नागिरीची खानीणबाई आली, नर्स आली. साहेबांचा लेक दारात उभा राहून म्हणाला, “मम्मी, व्हाय आर दे बाथिंग हिअर?”

गलका ऐकून साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. “हे काय चाललंय?”

“आंघोळी, साहेब,” मावशी म्हणाल्या. कोपरापर्यंत फेस, पट्ट्या भिजून लोंबत होत्या. “तुम्ही म्हणता बहारीनमध्ये थंडी नाय. मग एक दिवस तुम्ही गार पाण्यानं करा. तुमच्या बाळालाही घाला. फक्त एक दिवस.”

साहेब मागे वळून आत गेले आणि दार लावून घेतलं.

आठवडा उलटायच्या आत गीझर आला. नवा कोरा. प्लंबर आला, इलेक्ट्रिशियन आला, यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत दोन तासांत काम खलास. दोन महिने जे जमत नव्हतं ते दोन तासांत! बोळातलं ओरडणं थांबलं.

आणि थंडी सरता सरता मावशींच्या मिस्टरांना साहेबांनी ऑफिसात बोलावून गोड शब्दांत सांगितलं की यंदापासून फॅमिली क्वार्टर फक्त स्टाफला. स्टेटस पुढे चालू राहणार नाही. पॉलिसी आहे. हळदीकुंकवाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हेही त्यांनी कुणी न विचारता सांगितलं.

आम्ही सगळ्या बायका गेलो साहेबांकडे. त्यांनी सरबत दिलं. “इंशाल्ला, बघू,” म्हणाले. मी सरबत तसंच ठेवून उठले. आजही कुणी माझ्याकडे बघून मऊ आवाजात पॉलिसी म्हणालं की माझे कान गरम होतात.

मी मावशींच्या घरी जाऊन रडले तर त्या पेट्या भरत होत्या. “रडतेस काय? मला ठाऊक होतं,” म्हणाल्या. “त्या दिवशी निघताना हे दारात आडवे उभे होते. म्हणाले, जाऊ नको, घर जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. पोर भाजलं माझ्या हातनं. आता दुसरं भाजेपर्यंत काय गप बसू?” एवढं बोलून त्या स्वेटरच्या घड्या घालत राहिल्या. थोड्या वेळानं माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, “पण धाकटीला आता कुठे बापाची सवय झाली होती गं.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर तो त्यांनी झटकला नाही, एवढंच.

मावशी पोरांना घेऊन वसईला परत गेल्या. त्यांचे मिस्टर बॅचलर कॅम्पात गेले, एका खोलीत आठ जण.

पुढच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. हाताला गॅरेजचं काळं, गालफडं आत गेलेली. मी म्हटलं, भाऊजी, आधी आंघोळ करून घ्या, गीझर लावलाय. ते “नको, सवय नाही” म्हणत गार नळाची बादली भरायला लागले. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी बोळात उभी राहून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडले, “तुमच्या बायकोनं आणलेलं पाणी आहे ते! तुम्ही नाही घ्यायचं तर कुणी घ्यायचं?”

त्यांनी बादली खाली ठेवली. आत गेले, दार लावलं. मग गरम नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो थांबेचना. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. पाण्याखालून मधूनच दुसराही आवाज येत होता, तो आम्ही ऐकला नाही असं दाखवलं. बोळात खानीणबाई टॉवेल घेऊन उभी होती, नर्सची दोन्ही पोरं उभी होती, माझे मिस्टर उभे होते. सगळं ऊन पाणी संपलं. त्या दिवशी आम्ही बाकीच्यांनी गार पाण्यानं आंघोळी केल्या, आणि कुणीही कुरकुरलं नाही.