जोरहाट ते मोपा, दिस बुडायच्या आत

आता मी हवाई दलात नाही. तेव्हा पोस्टिंग आसाममध्ये जोरहाटला होतं. दोन पंख्यांच्या मालवाहू विमानावर मी को-पायलट होते. डोंगरातल्या चौक्यांना रेशन, रॉकेल आणि माणसं पोचवायची, हे रोजचं काम. जानेवारीतल्या एका संध्याकाळी आमचे कॅप्टन, स्क्वाड्रन लीडर भाटी, मेसमध्ये येऊन म्हणाले, "उद्या गोवा, मोपा विमानतळ. तुझ्या गावाकडे. एक पेटी न्यायची आहे."

पेटीत नाईक विश्वास गावस होता. अरुणाचलमध्ये गस्तीवर असताना दरडीखाली गेलेला. घर गोव्यात, डिचोलीतल्या पाळीला. मी पेडण्याची, चोपड्याची. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. पण घरच्यांशी कोंकणीत बोलू शकणारी तळावर मी एकटीच. अनोळखी माणसाला फोन करायचा तर मी आधी वाक्यं मनात जुळवते. तशी जुळवून फोन केला.

त्याचा भाऊ संतोष खाणीवर ट्रक चालवतो. त्याने एवढंच विचारलं, "बाय, दिस बुडचे आदीं पावतले मगो? दिस बुडल्यार अग्नी दिवपाक जायना."

"पोचू," मी म्हटलं.

सकाळी धुक्याने अडवलं. उशिराच निघालो. कलकत्त्याजवळ इंधन घेताना संतोषचा फोन आला. "नेटार साडेतीन वरां दाखयता, बाय. तुमी खंय उरले? हांगा सगळो वाडो जमला. एकाय घरात चूल पेटूंक ना."

नेटवरचं अंतर बरोबर होतं, अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. साडेतीन तासांची वेळ मात्र जेटची होती. आमचं विमान पंख्यांचं, आणि हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना वारा समोरून.

मध्य भारतावर तो वारा अंदाजापेक्षा जोरात निघाला. मी इंधनाचा हिशेब पुन्हा केला.

"बोल," भाटी म्हणाले.

"थेट गेलो तर उजेडात पोचतो, सर. पण तिथे रनवे बंद झाला तर दुसरीकडे जायला इंधन उरत नाही."

"नागपूरला भरलं तर?"

"सूर्यास्त चुकेल."

"मोप्याचं हवामान?"

"साफ, सर."

"मग? माणूस तुझ्या मुलखातला आहे."

मी मागे पाहिलं. पेटीसोबत आलेल्या दोन जवानांपैकी एकाला झोप लागली होती. त्याचा हात पेटीवर होता.

"नागपूर, सर."

त्यांनी रेडिओचं बटण दाबलं. "नागपूर, रिक्वेस्ट डायव्हर्जन. फ्युएल."

नागपूरहून मी संतोषला सांगितलं, आज होणार नाही. तो म्हणाला, "तात्याक हांव कितें सांगूं?"

त्याच्या वडिलांना सांगायचं वाक्य मी मोप्यापर्यंत जुळवत राहिले.

मोप्याला उतरलो तेव्हा रनवेचे दिवे लागले होते. केरीच्या बाजूला समुद्रावर तांबडी रेघ तेवढी उरली होती. विश्वासचे वडील, तात्या, पेटीजवळ आले. मी सॅल्यूट केला. वाऱ्याचं, इंधनाचं वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"बरें जालें, बाय. एक रात तो घरांत निजतलो."

पाळीच्या घरात आईने त्याची वाकळ अंथरून ठेवली होती. पेटी तिच्यावर ठेवली. आई शेजारी बसली.

सकाळी सूर्य वर आल्यावर सलामी झाली. नाईक विश्वास गावस यांना अग्नी दिला.

वाड्यावरच्या चुली त्यानंतर पेटल्या.