टोपी पडत कशी नाही

मुलाने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाला, “आई, आज फोटो तू काढायचे.” दक्षिण अमेरिकेतल्या लोकांचा कार्निव्हल लंडनच्या एका पार्कात होता. मी, मुलगा आणि सून त्यांच्या पिनर उपनगरातल्या घरून ट्रेनने गेलो.

बोलिव्हियाच्या बायका नाचत आल्या. घेरदार घागरे, दोन्ही खांद्यांवरून शाल, लांब वेण्या आणि वेण्यांच्या टोकाला काळे गोंडे. गोंडे तर आम्ही शाळेत जाताना लावायचो तसलेच. डोक्यावर गोल साहेबी टोपी, पण डोक्यापेक्षा लहान, नुसती वर ठेवल्यासारखी. एवढ्या गिरक्या घेऊनही एकीचीही टोपी पडेना. कशी पडत नसेल?

समोरून फोटो काढायचा तर विचारायला हवं. मला अनोळखी माणसाशी मराठीतसुद्धा बोलायला जमत नाही. म्हणून बायका पुढे गेल्या की मी फोटो काढायची. सुनेने कॅमेऱ्यात बघितलं आणि हसत सुटली.

“अहो आई, सगळ्या पाठमोऱ्या! एकीला तरी तोंड आहे का?”

“वेण्या छान आल्यात.”

“जा, विचारा. वन फोटो प्लीज, एवढंच म्हणायचं.”

“तूच विचार ना गं.”

“मी नाही. फोटो तुमचे.”

मलाही एक तरी चेहरा हवाच होता. बायका झाडाखाली पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा मी जवळ गेले. तेवढ्यात माझ्याच वयाच्या एकीच्या शालीची पिन तुटली. माझ्या बांगडीत पिना अडकवलेल्या असतातच. एक काढली आणि तिची शाल नीट लावून दिली. लावता लावता टोपीकडे निरखून पाहिलं. कडेखाली केसांचे आकडे खोचलेले! मी बोट दाखवलं, तर तिने हसून डोकं खाली केलं आणि सगळे आकडे दाखवले.

तेव्हा मी म्हटलं, “वन फोटो?” प्लीज राहूनच गेलं.

ती कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली. बाकीच्या बायका तिच्याकडे बघून हसू लागल्या. मग माझ्या लक्षात आलं, मी शाल पदरासारखी चुणून डाव्या खांद्यावर लावली होती.

“आई, ही तर आपल्यातलीच कोणीतरी मावशी वाटते!” सून म्हणाली.

मी शाल सोडवायला हात पुढे केला, पण तिने मान हलवली आणि तशीच नाचायला गेली. त्या गर्दीत ती मला लगेच ओळखू यायची. मी पुढे जाऊन तिचे आणखी फोटो काढले, सगळे समोरून.