बायची पाव गोळी आणि नागावच्या तीन रात्री

नऊ वर्षांत मी घराबाहेर रात्र काढली नव्हती. लोकांना वाटायचं, म्हातारीचे गुडघे गेले असतील. गुडघे ठणठणीत आहेत. घरात दोन मांजरं आहेत आणि साडेसातची मालिका आहे, बस.

नागावहून वच्छीवन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, दर वर्षी बोलावतात. दर वर्षी मी मांजरं पुढे करते. या वेळी त्या फोनवर बोलल्या, "वहिनी, यंदा आला नाहीत तर थेट माझ्या तेराव्यालाच या. जेवण चांगलं ठेवायला सांगते." असं बोलल्यावर काय करणार? मी हो बोलले आणि फोन ठेवून पस्तावले.

कारण बाय. दोन मांजरांतला दाजी बोका, त्याला दगड टाकला तरी खाईल. बाय मांजरी, चौदा वर्षांची. मागच्या साली वाळून चिंधी झाली, तेव्हा अंबरनाथच्या डॉक्टरकडे नेली. तो बोलला, थायरॉइड आहे. मी बोलले, माझ्या सुनेला आहे, पण ती निदान शिकलेली आहे. डॉक्टर हसला नाही. रोज संध्याकाळी पाव गोळी, जन्मभर. चुकवायची नाही, आणि जास्त तर मुळीच द्यायची नाही, हृदय म्हातारं आहे.

आमचं वेळापत्रक पक्कं असतं. सकाळी पाणी भरणं, दुपारी तांदूळ निवडणं, साडेसातला मालिका. मालिकेचं गाणं लागलं की बाय कुठे असेल तिथून येऊन टीपॉयवर बसते. पहिली जाहिरात आली की सुकटीत गोळी चुरडून पुढे ठेवायची. मालिकेत सून तिसऱ्यांदा स्मरणशक्ती घालवून बसली आहे, पण मांजराला गाणं बरोबर आठवतं.

आता हे दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं म्हणजे समोरच्या ब्लॉकमधली लाजवंती, आमची लाजो. जन्म उल्हासनगर कॅम्प तीनचा, नवरा रिटायर झाल्यावर इथे शिरगावात राहायला आले. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. निघायच्या आधी चार संध्याकाळी आम्ही सराव केला. गोळीचा तुकडा मी आधीच मोडून ठेवायचे. ती माझ्या घरी टीव्हीसमोर, मी तिच्या घरी तिच्या नवऱ्याबरोबर बातम्या बघत. मालिकेत काय झालं ते ती येऊन सांगायची, तेही उलटं.

"वो काकी अच्छी है, आजी. बेचारी रो रही थी."

"अगं, तीच विष घालणारी आहे."

पहिल्या दिवशी बाय पलंगाखालून निघाली नाही. दुसऱ्या दिवशी निघाली आणि पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशी खाल्लं. चौथ्या दिवशी लाजो सोफ्यावर बसली होती आणि बाय तिच्या ओढणीवर. मला बघून कान पण हलवला नाही. बरं झालं, एक काम मिटलं.

मुक्काम दोन रात्रींचा, म्हणून पाव गोळीच्या दोन पुड्या बांधून फ्रीजवर ठेवल्या. एका संध्याकाळची एक. लाजोबरोबर कॅम्प तीनला जाऊन वन्संसाठी पापड आणले. दुकानदाराशी ती सिंधीत चार वाक्यं बोलली आणि पापड स्वस्त झाले. तुम्ही जाणार असाल तर सिंधी मैत्रीण बरोबर न्या.

बुधवारी सकाळी सहाला निघालो. लेक महेश गाडी चालवत होता. ज्यांना जायचं असेल त्यांनी शनिवार-रविवार टाळा, वडखळला गाडीत म्हातारपण येतं. वांगणी, नेरळ, कर्जत करत खोपोली गाठली. रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे पोटातलं पाणी हलवणारा. खोपोलीत मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, चहा मात्र नुसतं गरम पाणी. पुढे पेण. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगातले गणपती डोळ्यांविना ओळीने बसले होते. पोयनाड सोडल्यावर हवा चिकट झाली, म्हणजे समुद्र आला. दहाच्या आत वन्संच्या दारात.

वन्संच्या वाडीत सुपारी, नारळ आणि मागच्या बाजूला शहरातल्या लोकांना भाड्याने द्यायच्या चार खोल्या. खोलीचं भाडं विचारून घ्या, जेवण वेगळं धरतात. जेवायला जिताडं होतं. मी जांभूळ गावची, नदीचा मासा खात मोठी झाले, तरी कबूल करते, असा मासा मी खाल्ला नव्हता. समुद्रावर सकाळी जा. दुपारनंतर तिथे घोडे, उंट आणि ओरडणारी पोरं असतात.

बुधवारी, गुरुवारी लाजोचा फोन वेळेवर. "खा लिया, आजी." मग वन्सं हटून बसल्या, अजून एक रात्र राहा. महेशने रजा वाढवली. मी पण जिताड्याला भुलले. पुड्या दोनच होत्या. शुक्रवारी दुपारी लाजोला फोन केला, "टीव्हीखालच्या खणात गोळ्यांची पट्टी आहे. आज पाव गोळी दे हां. पाव."

"पाव? ठीक है आजी, दे दूँगी."

संध्याकाळी मी वन्संबरोबर तीच मालिका बघत होते. पहिली जाहिरात लागली आणि फोन वाजला.

"आजी, बिल्ली पाव नहीं खाती. मस्का भी लगाया."

मला कळेना. "कसला पाव?"

"आपने बोला ना, पाव, गोली. बेकरी से मँगाया. बीच में गोली रखके दिया."

चार दिवसांची गोळी एका घासात. "किती गोळी?"

"एक. पूरी."

"बायने खाल्ली?"

"मस्का चाटके चली गई. पाव दाजी खा रहा है."

मी एवढ्या जोरात ओरडले की वन्संनी टीव्ही बंद केला. "लाजो, त्याच्या तोंडातून काढ."

फोनवर खुर्ची पडल्याचा आवाज आला, दाजी गुरगुरला, लाजोने सिंधीत त्याला काहीतरी सुनावलं. वन्संनी माझा हात धरला होता, मी तो सोडवून घेतला नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

"मिली, आजी. पूरी की पूरी. गीली हुई है थोड़ी."

मी श्वास सोडला. "आता ऐक. पाव म्हणजे चौथा हिस्सा. गोळीचे चार तुकडे कर, एक द्यायचा. सुकटीत."

"तो चौथाई बोलो ना, अम्मा! मैं सोच रही थी, गरीब बिल्ली को सूखा पाव क्यों."

वन्सं पोट धरून हसत होत्या. मालिका संपली तरी हसतच होत्या. मलाही आलं हसू, पण बायने सुकट खाल्ली हा फोन आल्यावर. तोवर नाही.

शनिवारी दुपारी घरी पोचलो. वडखळला पाऊण तास गेला, वर सांगितलंच आहे. बाय दारात आली, माझे पाय हुंगले, तिला त्यात मासा सापडला असावा. वजन होतं तेवढंच. लाजोला वाडीचे नारळ दिले. तिने विचारलं, "फिर कब जाओगे?" मी बोलले, आत्ताच आले, बसू तर दे.

काय राहिलं म्हणाल तर जिताड्याची चव, आणि एक अडचण. नऊ वर्षं मांजरं सांगून मी घरी बसले, आणि खरं म्हणजे मलाच निघायची भीती वाटत होती. आता सगळ्यांना कळलं की मांजरं माझ्याशिवाय जगतात. मलाही कळलं. हे ऐकायला फार गोड नाही, पण हलकं वाटतं.

महेश प्रवासाची पिशवी माळ्यावर टाकायला निघाला होता. म्हटलं, खालीच राहू दे. आता दाजी तिच्यात झोपतो. झोपू दे. लागेल तेव्हा उठवीन.