पाचव्या ठिकाणी हार लागतो

ताईची गाडी संध्याकाळची होती आणि तिचं पाचवं ठिकाण राहिलं होतं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. अख्खा जन्म रायपुरात काढून ती आता मुलाकडे पुण्याला कायमची राहायला चालली होती. सामान बांधून झालं होतं, शेजारणींचं डोळे पुसणं झालं होतं, ओटी भरून झाली होती. तिच्या जिवाला घोर होता तो फोनमधल्या एका खेळाचा.

खेळ साधा आहे. कुणीतरी हौशी माणूस शहरातली पाच ठिकाणं निवडतो आणि प्रत्येक ठिकाणाचा एक प्रश्न फोनवर ठेवतो. आपण त्या जागी जाऊन उभे राहिलो, की उपग्रहाला ते कळतं आणि प्रश्न उघडतो. उत्तर तिथेच कुठेतरी डोळ्यांसमोर असतं. ते बरोबर आलं की हिरवी खूण मिळते आणि पाचही झाले की खाली आपली नोंद लिहायची, म्हणजे पुढच्याला कळतं की आपण येऊन गेलो. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. एवढ्याच कारणासाठी मला हा खेळ पहिल्या दिवशी आवडला.

अडचण एकच. जागेवर असल्याशिवाय प्रश्न उघडत नाही. पुण्याला सोफ्यावर बसून रायपूरचं उत्तर देता येत नाही.

ही मालिका बूढापारा मोहल्ल्यातून सुरू होऊन ब्राह्मणपाऱ्यात संपत होती. पहिलं ठिकाण तलावाकाठी होतं, पण ताई आधी तिसऱ्या ठिकाणी, गणपतीच्या देवळात गेली. "गणपतीले न विचारता काम सुरू करते का कोणी?" फोनला हे मान्य नव्हतं. ठिकाणं क्रमानेच करायची असा त्याचा नियम होता. ताईने देवाला नमस्कार केला, फोनला दोन शब्द सुनावले आणि मग आम्ही तलावाकडे वळलो. दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे एका जुन्या देवळात, तिने फोन हातात धरून प्रदक्षिणा घातल्या. नकाशावरचा बाण तिच्याबरोबर गरगर फिरत राहिला आणि शेवटी हे यंत्र आम्हाला शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यांत उभं दाखवू लागलं. तिसरं आणि चौथं मात्र बिनबोभाट झालं. चौथ्याची खूण आली तेव्हा ताईने भर रस्त्यात अशी टाळी मारली की एक स्कूटरवाला दचकून थांबला.

निघायच्या दिवशी दुपारी आम्ही पाचव्यावर पोचलो. ब्राह्मणपाऱ्यातला एक छोटा समाजभवनाचा हॉल. प्रश्न उघडला: कोनशिलेच्या खालच्या कोपऱ्यात कोणता प्राणी कोरलेला आहे?

कोनशिला होती, पण तिच्यावर तारेने बांधलेला एक भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर वाढदिवसाचे भैया, काळा चष्मा, जोडलेले हात, आणि भोवती अंगठ्याएवढ्या चेहऱ्यांचे शुभेच्छुक. हॉल बांधणाऱ्यांनी आपली नावं दगडात कोरून अमरत्वाची सोय केली होती आणि एका वाढदिवसाने ती झाकून टाकली होती. एरवी मी या दृश्यावर खूश झालो असतो.

"अंदाजाने टाकू या," मी म्हणालो. "कोनशिलेवर काय असणार? सिंह."

सिंह चुकला. ताईने हत्ती टाकला, तोही चुकला. मोर, घोडा, गरुड, गाय. फोन प्रत्येक वेळी नकारार्थी थरथरत होता.

"तू पाह्य ना मागे जाऊन," ताई म्हणाली. "मले वाकता येत नाही."

मी फ्लेक्सची कड उचलून डोकं आत घातलं. आत अंधार होता आणि कोळ्याची जाळी होती. वरच्या ओळीतल्या एका माननीयांपर्यंत पोचलो तोच मागून आवाज आला.

"ओ चाचा! भैया का बैनर फाड़ रहे हो क्या?"

पानठेल्यावरून दोन कार्यकर्ते उठून आले होते. मी डोकं बाहेर काढलं. केसांत जाळं होतं. त्यांना सगळं खरं सांगावं, असा मूर्ख विचार माझ्या मनात आला.

"नहीं, वो... उपग्रह से एक सवाल आया है. इसके पीछे कौन सा जानवर है."

"पीछे जानवर?" एकाने फ्लेक्सवरच्या भैयांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भैया को बोल रहे हो?"

मी ताईच्या आधारासाठी वळलो. ताई तिथे नव्हती. गल्लीच्या टोकाशी तिचा पदर वळताना दिसला. मला वाटलं, गाडीची वेळ झाली म्हणून सख्खी बहीण मला टाकून गेली. कार्यकर्त्यांनी माझं नाव विचारलं, वॉर्ड विचारला, मी कोणाचा माणूस आहे तेही विचारलं. कोणाचाच नाही, या उत्तराने त्यांचा संशय पक्का झाला.

तेवढ्यात ताई आली. हातात झेंडूचा हार होता, तोही चांगला घसघशीत. जवळच्या देवळाबाहेरच्या फूलवालीकडून आणलेला.

"काय रे बेटा," ती त्या दोघांना म्हणाली, "भैया का जनमदिन, और एक हार नहीं? शोभा देता है क्या?"

दोघेही वरमले. एकाने पानाचा तोबरा गिळला.

"और ये टेढ़ा किसने बाँधा? भैया का आधा मुँह छाँव में है. पहले सीधा करो. फिर मैं हार डालूँगी."

"हव अम्मा, हव," म्हणत दोघे कामाला लागले. खालच्या दोन्ही तारा सुटल्या. "चाचा, आप जरा पकड़ो," म्हणून फ्लेक्सची खालची बाजू माझ्या हातात आली. ज्याने आजवर एकाही सत्कार समारंभात मनापासून टाळी वाजवली नाही, तो मी एका पुढाऱ्याचं शरीर दोन्ही हातांनी उचलून भर रस्त्यात उभा राहिलो. आणि जिला मघाशी वाकता येत नव्हतं, ती माझी बहीण फोनचा दिवा लावून खाली रांगत शिरली.

"दिसलं का?" मी कुजबुजलो.

"थांब बे. अध्यक्षच संपून नाही राहिले."

मग आतून किंकाळी आली. "कासव! अबे, कासव आहे!"

कुठल्या पाथरवटाला काय सुचलं कोण जाणे, पण तो हॉल किती वर्षं रखडला होता हे ज्यांना आठवतं, त्यांना त्या दगडावरची एवढी एकच नोंद खरी वाटेल. आम्ही सिंहापासून गरुडापर्यंत सगळे मानाचे प्राणी लावून पाहिले होते.

"क्या हुआ अम्मा?" एकाने विचारलं.

ताई बाहेर आली. पदराला धूळ, नाकाला चुना, फोनवर हिरवी खूण आणि पडद्यावर वरून पडणारे रंगीत कागदांचे तुकडे. तिने क्षणभर विचार केला आणि मूठ वर केली. "भैया, ज़िंदाबाद!"

"ज़िंदाबाद!" दोघे ओरडले. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मीही ओरडलो. आवाज बरा लागला, हे कबूल करायला हवं.

ताईने हार घातला, कार्यकर्त्यांनी फोटो काढला. रिक्षात बसल्यावर आम्हाला जे हसू सुटलं ते घर येईपर्यंत आवरेना. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. ताई म्हणाली, "मेले, पोट दुखून राहिलं, बोलू नको." मी बोलत नव्हतो. मला बोलताच येत नव्हतं.

नोंद लिहायची राहिली होती. उत्तर उघड करायचं नाही, हा खेळाचा नियम. ताईने बराच विचार करून, चष्मा कपाळावर चढवून लिहिलं: "पाचही झाले. पाचव्या ठिकाणी जाताना हार न्यावा."

तिला न्यायला आलेला भाचा दाराशी बॅगा घेऊन उभा होता. "इतनी देर कहाँ थे आप लोग?" त्याने विचारलं. "सत्काराले गेलो होतो," ताई म्हणाली. गाडी मिळाली.

काही आठवड्यांनी पुण्याहून तिचा फोन आला. आधी नुसतं हसणं ऐकू आलं. मग तिने वाचून दाखवलं. कोणा अनोळखी माणसाने तिच्या नोंदीखाली लिहिलं होतं: "सल्ल्याबद्दल आभार. मात्र आता दोन हार न्यावेत. पहिल्या भैयांवर दुसरे भैया लागले आहेत."