कार्डाची कड

आगरदांड्याच्या जेट्टीजवळचे आमचे शिंपी मास्तर इतके टापटिपीचे, की लाटेचा फेस लोंबताना दिसला तर कात्री घेऊन दर्यात उतरतील. तोंडात टाचण्या धरूनच बोलतात, आणि बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचे सुटे दोरे कापून टाकतात. माझी मिशी दोनदा थोडक्यात वाचली आहे.

त्यांचा थोरला भाऊ वादळात होडीसकट गेला. मागे उरलं ते लहानपणी बबलगमसोबत मिळालेलं क्रिकेटचं एक कार्ड, कडेवर भावाने चावल्याच्या खुणा असलेलं. खाऱ्या हवेत तेही कुजायला लागलं. मुंबईचं एक गिऱ्हाईक म्हणालं, अशी जुनी कार्डं तज्ज्ञ तपासतात, दर्जा ठरवतात आणि प्लास्टिकमध्ये कायमची सीलबंद करून देतात. मास्तरांनी लगेच पाठवलं.

महिन्याने कार्ड परत आलं ते उघडंच. सोबत चिठ्ठी: कड कापलेली आहे, दर्जा देता येत नाही.

"मास्तर, कापली कोणी?"

"मीच. तपासणीला जायचं, म्हणून जरा नीट केलं." त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "कात्री चालली तवा ध्यानात न्हाय आलं रे. दादाचे दात व्हते तिथं."

कापलेली कड शोधायला आम्ही मशीनखालचं चिंध्यांचं पोतं ओढलं, तर रिकामं. होडीवाल्यांनी इंजिन पुसायला चिंध्या नेल्या होत्या. मास्तर धक्क्यावर धावले.

"चिंध्या? त्या तेलकट झाल्या, टाकल्या की दर्यात!" पहिला होडीवाला हसत म्हणाला.

मास्तर नुसतं "हां" म्हणाले, आणि पुढच्या होडीची वाट बघत उभे राहिले.