नवसाचा कोंबडा

आज नात माझ्या पायाला खोबरेल लावत होती. नडगीवरच्या वणापाशी तिचं बोट थांबलं आणि मला चाकणजवळचं सासरचं परसदार आठवलं.

पंचावन्न-छप्पन साल असेल. मी नवी सून. सासूबाईंनी नवस बोलून एक तांबडा कोंबडा जत्रेसाठी देवाला सोडला होता, म्हणून त्याला कुणी काठीसुद्धा दाखवायची नाही. हे त्या मेल्याला कळलं असावं. रोज सकाळी मी शेणाची पाटी घेऊन निघाले, की तो मानेची पिसं फुलवून मागून यायचा. एकदा त्याने नडगीच फोडली. पाटी पडली, लुगडं शेणाने भरलं आणि मी त्याला लाथ हाणली.

सासूबाई धावत आल्या. त्याला उचलून त्यांनी त्याचे पंख चाचपून पाहिले. "देवाचा हाय त्यो. त्याला काई झालं तर?" माझ्या पायावरून रक्त ओघळत होतं, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

जत्रेला तो कापला. वाटण मी वाटलं, चुलीपुढेही मीच बसले. पुरुषांची पंगत उठली, मग सासूबाई जेवल्या. माझ्या वाटीत नुसता रस्सा आला.

सत्तर वर्षं होत आली. त्याच्या एका तंगडीवरचा हक्क मी अजून सोडलेला नाही.